नानांचा बटवडा

प्रिंटरचा खोका नाना कधीच स्वतः उघडत नाहीत. पार्सल ज्याच्या नावावर आलं त्यानेच ते फोडायचं, हा त्यांचा नियम. आपण कात्री घेऊन चिकटपट्ट्या कापत असतो, थर्माकोलचे गोळे फरशीवर पळत असतात, यंत्राच्या पोटात कुठे कुठे लपवलेल्या निळ्या पट्ट्या शोधून ओढायच्या असतात, आणि नाना खुर्चीत ताठ बसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत असतात. यंत्र टेबलावर बसलं, वायर लागली, दिवा लुकलुकायला लागला की मग ते चष्मा बदलतात आणि विचारतात,

"याचा पत्ता काय?"

"पत्ता आपलाच की, नाना. आपल्याच घरात राहणार ना तो."

"घर तुमचं. त्याचा पत्ता काय?"

चहा विचारायची ही वेळ नव्हे. आमच्या घरी बायकोने विचारला होता. "आधी पत्ता वहिनी, मग चहा," असं उत्तर आलं आणि आधण गॅसवर तसंच उकळत राहिलं.

नाना पोस्टातले. सॉर्टर म्हणून लागले, सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेची, चार मजल्यांची, बिनलिफ्टची, एका मजल्यावर चार बिऱ्हाडं. कुठल्याही घरात प्रिंटर आला की लोक तो जिथून घेतला त्या दुकानाला फोन करत नाहीत, जिन्यातून "नाना आहेत का?" अशी हाक मारतात. नाना एक पैसा घेत नाहीत. त्यांना छपाईची आवडही नाही. त्यांना आवड आहे ती पोचवण्याची. कागदावर काय छापलंय, ते सुबक आलंय की वाकडं, शाई निळी की काळी, या गोष्टी त्यांच्या अखत्यारीत येत नाहीत. मजकूर निघाला कुठून आणि तो योग्य दारात पडला की नाही, एवढंच ते पाहतात.

याचा सगळ्यात मोठा फटका तळमजल्यावरच्या मावशींना बसला. नोव्हेंबर महिना होता, म्हणजे पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा हंगाम. २०१४ पासून हा दाखला 'जीवन प्रमाण'मधून घरबसल्या काढता येतो, पण मावशींना तो हातात कागद म्हणून हवा होता. आपण जिवंत आहोत याचा पुरावा कपाटात असलेला बरा, असं त्यांचं म्हणणं. प्रिंटर जावयाने दिवाळीला दिलेला आणि पुढच्या दिवाळीपर्यंत झाकून ठेवलेला. नानांनी तासभर खपून तो वायफायच्या जाळ्यात आणला. संगणकावरून आज्ञा सुटली, यंत्र खडखडलं, कागद आत गेला आणि बाहेर आला. पूर्ण कोरा. वरच्या कोपऱ्यात एक फिकट गुलाबी रेघ, तीही निम्म्यात सोडून दिलेली.

"पोचलं," नाना म्हणाले आणि चष्मा खिशात घातला.

"अहो नाना, कोरं आहे हे!"

"मावशी, आत काय लिहिलंय ते पोस्टमनने बघायचं नसतं."

वर्षभर न वापरलेल्या प्रिंटरच्या शाईच्या सूक्ष्म छिद्रांत शाई वाळून बसते, ती साफ करायला त्याच्याच मेनूत सोय असते, हे नानांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते खातं वेगळं. मावशींच्या नातवाने दोन-तीनदा साफसफाई चालवली तेव्हा मावशी कागदोपत्री जिवंत झाल्या.

आता हा पत्त्याचा काय प्रकार आहे, तो सांगायला हवा. कारण नानांचं अख्खं तत्त्वज्ञान त्यावर उभं आहे. काल छान चालणारा प्रिंटर आज संगणकावर 'ऑफलाइन' का दिसतो, याबद्दल आमच्या सोसायटीत पूर्वी बरेच सिद्धांत होते. पावसाळी हवा, स्वस्तातला कागद, मुलांनी काहीतरी दाबलं असणार, वगैरे. नाना म्हणतात, कारण नव्वद टक्के वेळा एकच. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो, पण तो देतो भाड्याने, मुदतीवर. वीज जाते. वीज येते. फोन, टीव्ही, लॅपटॉप, प्रिंटर सगळे एकदम जागे होतात आणि राउटरच्या दारात उभे राहतात. हाताला येईल तो नंबर ज्याला त्याला मिळतो. काल १०५ वर प्रिंटर राहत होता, आज तिथे टीव्ही येऊन बसलेला. संगणकाला याची खबर नाही. तो जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो, टीव्हीला त्या कागदाचं काय करावं हे कळत नाही, आणि आपण प्रिंटरला थापट्या मारतो.

"पत्र चुकत नाही हो," नाना म्हणतात, "माणसं न सांगता घर बदलतात."

यावर त्यांचा उपाय एकच: प्रिंटरला कायमचा पत्ता द्यायचा. त्यासाठी प्रिंटरची जन्मखूण लागते. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक खूण मिळते, बारा अंक-अक्षरांची, दोन-दोनच्या सहा जोड्यांत लिहिलेली. तिला मॅक पत्ता म्हणतात. पहिल्या तीन जोड्यांवरून यंत्र कोणत्या कंपनीचं ते समजतं, उरलेल्या तीन त्या एका यंत्राच्या. राउटरच्या आत शिरून 'ही खूण दिसली की तिला हाच नंबर द्यायचा, दुसऱ्या कुणाला नाही' असं लिहून ठेवायचं. झालं. मग वीज कितीदा का जाईना.

ही मॅक पत्त्याची रचना पहिल्यांदा समजली तेव्हा नाना दोन दिवस खुशीत होते. कारण पिनकोडही असाच असतो. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन बटवड्याच्या पोस्टाचे. आमचं ४२१२०१ त्यांनी सोसायटीतल्या प्रत्येक पोराला असं फोडून समजावलेलं आहे. आणि पिनकोडचा विषय निघाला की वेलणकरांचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर, मूळचे कोकणातले, संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातले बडे अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला तो त्यांच्या डोक्यातून. "संस्कृतात नाटकं लिहिणाऱ्या माणसाने अख्ख्या देशाला पत्ता दिला," असं म्हणताना नानांचा आवाज जरा जड होतो. इंटरनेटवाल्यांनी वेलणकरांना आधी विचारलं असतं तर हा भाड्याच्या नंबरांचा घोळच झाला नसता, असं त्यांचं पक्कं मत आहे. वाद घालण्यात अर्थ नाही. मी घातलेला नाही.

नानांची हत्यारं तीन. एक भिंग, राउटरच्या पोटाखाली चिकटवलेला कागद वाचायला. त्यावरची अक्षरं मुंग्यांनी वाचावीत एवढी असतात. दुसरा तारखेचा शिक्का, तो कशाला ते पुढे येईल. आणि तिसरं रजिस्टर. खाकी कव्हर घातलेलं, लाल पेनाने उभ्या रेघा मारलेलं, बिऱ्हाडागणिक एक पान. पानावर प्रिंटरची खूण, दिलेला पत्ता, दिल्याची तारीख, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात पोस्टमनचे जुने शेरे जसेच्या तसे उतरतात. प्रिंटर बंद असेल तर 'घर बंद'. जुना विकून नवा घेतला तर 'मालक पत्ता न कळवता गेला'. आमच्या समोरच्यांच्या प्रिंटरचं पान मी एकदा पाहिलं होतं, तिथे फक्त 'घेण्यास नकार' एवढंच होतं.

वायफायच्या पासवर्डसाठी मात्र रजिस्टरात रकाना नाही. टपालाची गुप्तता ही नानांची श्रद्धा आहे. कुणी पासवर्ड टाकायला लागलं की ते उठून खिडकीशी जातात आणि पाठमोरे उभे राहतात. त्याचा उपयोग शून्य, कारण पासवर्ड कुणालाच पाठ नसतो.

"अगं, पासवर्ड काय आपला?"

आतून, कुकरच्या वरच्या पट्टीत: "ओमकारचं नाव, मग तुमचं जन्मसाल!"

"पहिलं अक्षर मोठं का?"

"मोठं! आणि शेवटी ते अ‍ॅटचं चिन्ह!"

आत्तापर्यंत हे दोन मजल्यांना कळलेलं असतं. नाना खिडकीतून सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रस्त्याकडे अशा चेहऱ्याने बघत असतात की त्यांनी एक अक्षरही ऐकलेलं नाही.

पासवर्ड प्रिंटरमध्ये घालणं हा वेगळा सोहळा. घरगुती प्रिंटरला कीबोर्ड नसतो. दोन ओळींची काचेची पट्टी असते आणि दोन बाण. वरचा बाण दाबत ए, बी, सी, डी करत एमपर्यंत जायचं, 'ओके' दाबायचं, पुन्हा ए. मोठी लिपी संपली की लहान, मग आकडे, मग चिन्हं, आणि अ‍ॅट हे चिन्ह सगळ्यात शेवटी. एक बाण जास्त दाबला गेला की पुढे निघून जातं आणि पुन्हा अख्खी वर्णमाला फिरून यावं लागतं. हा कंटाळा टाळायला राउटरवर एक बटण दिलेलं असतं, त्याला डब्ल्यूपीएस म्हणतात. राउटरचं बटण दाबायचं, मग दोन मिनिटांच्या आत प्रिंटरचं दाबायचं, दोघं एकमेकांना ओळखतात, पासवर्डच लागत नाही. युक्ती चांगली आहे. पण आमच्या सगळ्या घरांत केबल दारावरच्या भोकातून येते, म्हणून राउटर चपलांच्या कपाटावर किंवा माळ्याच्या तोंडाशी. आणि प्रिंटर आतल्या खोलीत, शिलाई मशीनशेजारी. मग एकाने स्टुलावर चढून राउटर धरायचा, दुसऱ्याने आत उभं राहायचं, आणि नाना मधल्या दारात घड्याळ घेऊन.

"दाबा!"

"दाबलं!"

"दाबून धरा, सोडू नका! दिवा लुकलुकला का?"

"कुठला दिवा? इथे सहा आहेत!"

"तीस सेकंद झाली. आत दाबलं का?"

"दाबलं! पण यावर 'रद्द' आलं!"

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर एकदा हे ऐकून स्टेथोस्कोप घेऊन वर आले होते. त्यांना वाटलं, कुणाच्या तरी छातीवर दाब देणं चाललंय.

जोडणी झाली की नाना पहिला कागद काढतात तो यंत्राच्या स्वतःच्या माहितीचा. बहुतेक प्रिंटर हा देतात. त्यावर तो कुठल्या वायफायवर आहे, त्याची खूण काय, त्याला नंबर कुठला मिळालाय, सगळं असतं. नाना आधी नंबर बघतात. १९२.१६८ ने सुरू झाला तर ठीक. १६९.२५४ ने सुरू झाला तर त्यांची जीभ टाळ्याला लागून 'चक्' असा आवाज येतो. राउटरशी बोलणं झालंच नाही, नंबर कुणी दिला नाही, म्हणून यंत्राने स्वतःच स्वतःला एक लावून घेतला, असा त्याचा अर्थ. रजिस्टरात 'बेवारस' अशी नोंद पडते आणि पुन्हा स्टूल येतं. सगळं जमलं की त्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात तारखेचा शिक्का बसतो. शिक्का उचलून त्यावर एकदा फुंकर, मग खाडकन. शिक्क्याशिवाय प्रिंटर बसला असं नाना मानत नाहीत.

बहुतेक वेळा अडतं ते वायफायच्या दोन पट्ट्यांवर. आजकालचा राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर बोलतो, पण दोन्हींना नाव एकच ठेवतो. फोन चलाख, तो पाचवर जाऊन बसतो. स्वस्तातल्या घरगुती प्रिंटरांना बऱ्याचदा फक्त २.४ कळतं. फोनमधलं अ‍ॅप मग प्रिंटर शोधत बसतं. "स्पीड पोस्ट आणि साधं टपाल," नाना समजावतात. "हा साधंच घेतो. नावं वेगळी करा." आणि राउटरमध्ये शिरून दोन्हींना वेगळी नावं देतात. स्पीड पोस्टबद्दल एकूणच त्यांचं मन स्वच्छ नाही. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं तेव्हा ते संध्याकाळच्या फेरीला आले नव्हते.

२.४ वर गर्दीही भयंकर. आमच्या जिन्यात उभं राहून फोनवर वायफायची यादी उघडली तर बोटाने सरकवत राहावी लागते. या पट्टीत एकमेकांना न घासता बोलता येईल असे मार्ग तीनच, १, ६ आणि ११; आणि सोळा-वीस राउटर त्यांतल्याच एकावर रेटारेटी करत असतात. भरीला मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच लहरीच्या आसपास चालतो, त्यामुळे कुणी भाजी गरम करायला ठेवली की दोन घरांतला प्रिंटर विचारात पडतो. नाना याला सरकारी ढिलाई म्हणतात. एके काळी घरातल्या रेडिओलाही पोस्टातून लायसन काढावं लागे, दरवर्षी नवं करावं लागे, आणि ती खिडकी तरुणपणी नानांनी सांभाळलेली. २००५ साली सरकारने ही २.४ ची पट्टी परवान्यातून मोकळी केली. "म्हणूनच," नाना म्हणतात, "जो उठतो तो बोलतो." आपण मान डोलवावी. लायसन असतं तर एवढ्या घरांत वायफाय आलंच नसतं, असं म्हणायला तोंड उघडलं तर चहा गार होतो.

नानांचा पहिला खरा विरोधक चौथ्या मजल्यावरचा मुलगा. ऐरोलीला कंपनीत आहे, सर्व्हरची कामं करतो, घरातही हेडफोन गळ्यात असतो. त्याने एकदा जिन्यात नानांना गाठलं.

"नाना, आता हे नंबर वगैरे लागत नाहीत हो. यंत्रं नावाने शोधतात. २०१० मध्ये एअरप्रिंट आलं तेव्हापासून. फोन जाळ्यात विचारतो, इथे प्रिंटर कोण आहे, आणि प्रिंटर स्वतः सांगतो, मी आहे."

"सगळ्यांना विचारतो?"

"सगळ्यांना."

"म्हणजे चौकात उभं राहून हाका मारायच्या, आणि ओ देईल त्याच्या हातात पत्र द्यायचं?"

मुलगा थांबला, कारण तांत्रिकदृष्ट्या ते अगदी बरोबर होतं.

"आमच्याकडे चाळीत एक पोस्टमन असं करायचा," नाना म्हणाले. "खाली उभं राहून हाका. मी बंद करायला लावलं."

पण मुलाने मारलेला दुसरा बाण वर्मी लागला. ते समजायला नानांची एक योजना सांगायला हवी. प्रिंटरला कायमचा पत्ता देताना शेवटचा आकडा आपणच निवडू शकतो. नानांनी ठरवलं होतं, जो फ्लॅटचा नंबर तोच प्रिंटरचा. १०३ वाल्यांचा प्रिंटर १९२.१६८.१.१०३. २०२ वाल्यांचा २०२. पाहिल्याबरोबर कळावं कुणाचं टपाल ते. ही योजना दुसऱ्या मजल्यापर्यंत डौलात चालली आणि जिन्यात तिथेच थांबली. कारण या शेवटच्या रकान्यात आकडा २५४ च्या वर जातच नाही. शून्य त्या अख्ख्या जाळ्याचा असतो आणि २५५ सगळ्यांना एकदम बोलवायचा, म्हणजे नानांच्या भाषेत सर्क्युलरचा. ३०१ पासून पुढे पत्ता नाही.

तिसऱ्या मजल्यावर याची चर्चा सुरू झाली. दुसऱ्यापर्यंतच्या लोकांचे प्रिंटर चालतात, आपले चालत नाहीत. त्यांचे प्रिंटर तसे चालत होते. पण नानांच्या रजिस्टरात आपलं पान कोरं आहे ही बोच मोठी होती, त्यातून तिसऱ्या मजल्याचं पाण्याच्या दाबावरून आधीच काहीतरी होतंच. सप्टेंबरातल्या वार्षिक सभेत आयत्या वेळच्या विषयांत तो मुद्दा आला. "आम्हीही तेवढाच मेन्टेनन्स भरतो," असं ३०३ च्या काकूंनी ठणकावून सांगितलं. चेअरमननी नानांकडे पाहिलं. तेव्हा चौथ्या मजल्यावरचा मुलगा उभा राहिला.

"मुळात याची गरजच नाही. प्रत्येक घराचा राउटर वेगळा, जाळं वेगळं. एका घरातला नंबर दुसऱ्या घराला दिसतच नाही. सगळ्या बिल्डिंगमधल्या सगळ्या प्रिंटरांना पन्नास नंबर दिला तरी काहीही बिघडणार नाही."

सभेत शांतता. सगळ्या बिऱ्हाडांना एकच पत्ता ही कल्पना नानांच्या चेहऱ्यावरून हळूहळू खाली उतरत गेली.

"आणि उद्या आग लागली तर," ते म्हणाले, "बंब कुठल्या दारात जाईल?"

यावर मुलाकडे उत्तर नव्हतं, कारण प्रश्न प्रिंटरचा राहिलाच नव्हता. टाळ्या नानांना पडल्या. तोडगाही त्यांनीच काढला: तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याने मधला शून्य गाळायचा. ३०१ चा ३१, ४०२ चा ४२. हा ठराव एकमताने मंजूर झाल्याची इतिवृत्तात नोंद आहे. सहकार निबंधकांच्या कार्यालयात कुणी ती वाचली असेल तर त्यांना काय वाटलं असेल, हा विचार मी कधी कधी करतो.

आमच्या घरची गोष्ट थोडक्यात. मुलीला शाळेसाठी एक निबंध छापायचा होता. प्रिंटर 'ऑफलाइन'. तिने छापा म्हटलं, काही झालं नाही. पुन्हा म्हटलं. तिची आई येऊन म्हणाली, मग मी. संगणकाने प्रत्येक वेळी हो म्हणून ते सगळं आपल्या रांगेत लावून ठेवलं. नानांनी येऊन जुनी जोडणी काढली, 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' म्हणून नवी घातली, ९१०० नंबर लिहिला. ९१०० ही त्यांची लाडकी खिडकी. प्रिंटरच्या आतही पोस्टासारख्या नंबर घातलेल्या खिडक्या असतात म्हणे, ९१०० वर सरळ कागद घेतात, ६३१ ही नंतर आलेली, जास्त चौकश्या करणारी. मग एक खूण काढून टाकली, संगणक प्रिंटरला मधून मधून 'बरा आहेस ना' विचारतो ती. उत्तर वेळेत आलं नाही की तो प्रिंटरला ऑफलाइन ठरवतो. "दोन दिवस पत्र नाही आलं म्हणून माणूस मेला असं धरायचं?" नाना पुटपुटले.

आणि प्रिंटर जागा झाला. माझी आवडती ऋतू, पावसाळा. माझी आवडती ऋतू, पावसाळा. पान एक, पान दोन, पुन्हा पान एक. मी रांग रद्द करायला हात पुढे केला तर नानांनी माउसवर हात ठेवला.

"पेटीत पडलेलं पत्र परत घ्यायचं तर अर्ज लागतो. आणि फी."

सगळ्या प्रती निघाल्या. 'माझा आवडता ऋतू' हवं, ही व्याकरणाची चूक त्या प्रत्येक प्रतीत होती. नानांच्या नजरेला ती पडली नसणार असं मला वाटत नाही.

पण या माणसाला हसताना एक प्रसंग मला आडवा येतो. बऱ्याच प्रिंटरांना राउटरशिवाय स्वतःचं एक छोटं वायफाय असतं, फोनने सरळ जोडून घ्यायला, आणि त्याचं नाव कंपनीने दिलेलं, मॉडेलचं. दोन शेजाऱ्यांनी एकाच सेलमध्ये एकच मॉडेल घेतलं की नावं जवळजवळ सारखी. एकाने रात्री फोनवरून आपले तपासणीचे रिपोर्ट छापले ते भिंतीपलीकडच्या प्रिंटरमधून निघाले. कुणाचे ते मी सांगणार नाही, आणि सोसायटीत आजही ठाऊक नाही. कारण ज्यांच्याकडे निघाले त्यांनी सकाळी नानांना बोलावलं. नानांनी कागद ट्रेमधून उचलला तो उलटा, मजकूर खाली करून. नाव असतं त्या वरच्या कडेवरून फक्त एकदा नजर फिरवली. खिशातून पाकीट काढलं, कागद तीन घड्या घालून आत सारला, जिभेने डिंक ओला करून चिकटवला, अंगठ्याने कड दाबली. पलीकडच्या दारात बेल वाजवून पाकीट दिलं आणि एवढंच म्हणाले, "चुकीच्या बटवड्याबद्दल क्षमस्व." मग दोन्ही घरांतलं ते छोटं वायफाय बंद करून टाकलं आणि प्रिंटरांची नावं बदलून फ्लॅटचे नंबर घातले. रजिस्टरात त्या तारखेला काहीच नोंद नाही. मी शोधली होती.

सध्या आमची सोसायटी पुनर्विकासाला निघालीय. बावीस मजले, दोन लिफ्ट, जिम. बिल्डरने सादरीकरण ठेवलं तेव्हा लोकांनी कार्पेट एरिया विचारला, भाडं विचारलं, पार्किंग विचारलं. नानांनी एकच प्रश्न विचारला: राउटर कुठे बसणार? तो दारावर, चपलांपाशी नको. घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीला, फ्रिज आणि आरशापासून लांब, आणि तिथवर नळीतून वायर आणून द्यायची. बिल्डरचा माणूस "नोट करतो सर" म्हणाला. नानांनी लेखी मागितलं.

चौथ्या मजल्यावरच्या मुलाने, चांगल्या मनाने, त्यांना सांगितलं की बाविसाव्या मजल्याची काळजी करू नका. आता आयपीव्ही६ आहे, त्यात पत्ते संपतच नाहीत, २२०४ काय काहीही बसेल. आणि फोनवर एक पत्ता काढून दाखवला. आठ गट, प्रत्येकात चार अक्षरं-आकडे, मध्ये दोन-दोन टिंबं. नानांनी भिंग लावून तो शेवटपर्यंत वाचला. "पाकिटावर बसणार नाही," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मात्र ते स्टेशनरीच्या दुकानात आडवं रजिस्टर आहे का विचारत होते.

लेखी मागणीचं पत्र नानांनी बिल्डरला पाठवलं ते टपालाने. बिल्डरचं ऑफिस आमच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे. नाना पत्र घेऊन निघाले, त्या ऑफिसवरून पुढे गेले, पोस्टात जाऊन पावती घेऊन परत त्याच रस्त्याने आले. ऑफिसातल्या मुलाने काचेतून हात केला, यांनीही केला.

उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. नानांनी कळवलं, चालणार नाही. सही-शिक्क्याचा कागद हवा. तेव्हा तोच मुलगा रस्ता ओलांडून आमच्या जिन्यात आला.

"नाना, पत्र तयार आहे, साहेब सही करायला बसलेत. पण सकाळी लाइट गेली होती ना, तेव्हापासून आमचा प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय."

नानांनी रजिस्टर काढलं, नवं पान उघडलं, पेनचं टोपण काढलं.

"गाळा नंबर?"

"चार."

"बसतंय," नाना म्हणाले आणि चपला पायात सारल्या.